रक्तवाहिनीशोथाची रक्तनिदर्शके

रक्तवाहिनीशोथाची रक्तनिदर्शके : रक्तवाहिन्यांच्या भित्तींना शोथ (दाहयुक्त सूज) येऊन त्यांतील मार्ग अरुंद होणे, बंद पडणे किंवा भित्ती दुबळी होऊन ती फुगणे व फुटणे ही ज्या रोगांतील मुख्य विकृती असते, त्या रोगांच्या समूहाला रक्तवाहिनीशोथ असे म्हणतात. यांपैकी बहुतेक रोगांत कोणताही जंतू कारणीभूत नसून शरीराची प्रतिरक्षा यंत्रणाच (रोगप्रतिकारक यंत्रणाच) स्वतःच्या ऊतकांविरुद्ध (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांविरुद्ध) कार्य करू लागते. म्हणून त्यांची गणना आत्मप्रतिरक्षाजन्य रोगांत होते. रोगग्रस्त वाहिन्या बहुधा शरीरात खोलवर असतात. वृक्क (मूत्रपिंड), फुप्फुस किंवा महारोहिणी यांतील शोथ डोळ्यांना दिसत नाही व हातांना लागत नाही. रुग्णाला पुन्हा ज्वर आला, वजन घटले किंवा मूत्रात रक्त उतरले, तर तो रोगाचा उलटा खाल्लेला हल्ला आहे, औषधांनी प्रतिरक्षा दुबळी झाल्यामुळे झालेला जंतुसंसर्ग आहे की जुन्या जखमेचा उरलेला व्रण आहे, हे ठरवणे अनुभवी वैद्यालाही अवघड जाते. पहिल्या शक्यतेत औषध वाढवावे लागते, दुसरीत ते वाढवणे प्राणघातक ठरू शकते आणि तिसरीत त्याचा उपयोगच नसतो. रक्ताच्या काही थेंबांवरून हा निवाडा करता यावा यासाठी सुमारे १०० वर्षे जे प्रयत्न झाले, त्यांतून रक्तनिदर्शकांचा, म्हणजे रोगाची सक्रियता दाखवणाऱ्या रक्तातील पदार्थांचा व गुणधर्मांचा, इतिहास घडला आहे.

या रोगांची पहिली वर्णने शवविच्छेदनगृहातील किंवा केवळ बाह्य निरीक्षणावर आधारलेली आहेत. १८६६ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे आडोल्फ कुसमाउल व रूडोल्फ मायर यांनी एका २७ वर्षे वयाच्या शिंपीकाम करणाऱ्या तरुणाच्या आजाराचे सविस्तर वर्णन केले. ज्वर, स्नायूंचे वाढते दौर्बल्य, पोटदुखी व वृक्कविकार यांनी तो दगावल्यावर त्याच्या मध्यम व लहान रोहिण्यांवर जागोजागी गाठी आढळल्या. १८९० मध्ये लंडनमधील शल्यचिकित्सक जॉनथन हचिन्सन यांनी ऐंशी वर्षांहून अधिक वयाच्या एका गृहस्थाच्या डोक्यावरील लाल, दुखऱ्या रेषांची नोंद केली. त्या इतक्या दुखत की, त्याला टोपी घालणे अशक्य झाले होते. कानशिलातील शंख रोहिणीच्या शोथाचे हे पहिले स्पष्ट वर्णन समजले जाते. १९०८ मध्ये जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी एका तरुण स्त्रीच्या दृष्टिपटलावरील वाहिन्यांची विचित्र माळेसारखी गुंफण दाखवली, तेव्हा त्याच सभेतील इतर दोन वैद्यांनी आपल्या अशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. पुढे नाडीविहीन रोग या नावाने ओळखला गेलेला हा विकार महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखा यांचा शोथ असतो. या सर्व निरीक्षणांत रक्ताच्या परीक्षेला स्थान नव्हते, कारण तशी परीक्षाच उपलब्ध नव्हती.

अवसादन वेग : रक्त काचेच्या भांड्यात ठेवले असता आजारी माणसाच्या रक्तातील तांबडा भाग लवकर तळाशी जातो आणि वर पिवळसर थर जमतो, हे शिरावेध करून रक्त काढणाऱ्या जुन्या यूरोपीय वैद्यांना परिचित होते व त्या थराला ते दाहाचे चिन्ह मानीत. या निरीक्षणाला मापनाचे रूप प्रथम पोलिश वैद्य एडमुंड बियेरनाट्स्की यांनी १८९७ मध्ये दिले. रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे प्रमाण वाढले की, तांबड्या कोशिका अधिक वेगाने खाली बसतात, हेही त्यांनी ओळखले होते. तथापि त्यांचे कार्य दुर्लक्षित राहिले. १९१८ मध्ये स्वीडनमधील रॉबर्ट फोरेउस गर्भधारणेची कसोटी शोधीत असता त्यांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तकोशिका लवकर खाली बसताना आढळल्या. गर्भधारणेची कसोटी म्हणून या शोधाचा फारसा उपयोग झाला नाही, मात्र त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांसाठी या परीक्षेची जी पद्धत बसवली ती जगभर रूढ झाली. सोडियम सायट्रेट मिसळून न गोठणारे केलेले रक्त २०० मिमी. खुणा असलेल्या उभ्या नळीत भरतात व एका तासात कोशिकांचा थर किती मिमी. खाली उतरला ते वाचतात. तांबड्या कोशिकांच्या पृष्ठावर ऋण विद्युत् भार असल्याने त्या एकमेकींपासून दूर राहतात. शोथात वाढणारी फायब्रिनोजेनसारखी प्रथिने हा परस्परविरोध कमी करतात आणि कोशिका नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटून जड होतात. या परीक्षेला लागणारे साहित्य इतके स्वस्त आहे की, तालुक्याच्या ठिकाणच्या लहान प्रयोगशाळेतही ती करता येते. मात्र पांडुरोग (रक्तक्षय), वाढते वय, गर्भारपण व कोणताही जंतुसंसर्ग यांनीही हा वेग वाढतो. तसेच फायब्रिनोजेन सावकाश ओसरत असल्यामुळे रोग शमल्यावरही आकडा काही आठवडे वर राहू शकतो.

सी-प्रतिक्रियाशील प्रथिन : १९३० मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ऑझ्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे विल्यम टिलेट व टॉमस फ्रॅन्सिस यांना असे आढळले की, फुप्फुसदाहाच्या (न्यूमोनियाच्या) रुग्णांचा रक्तरस न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' या शर्करायुक्त घटकात मिसळला असता साका पडतो, रुग्ण बरा होताच हा गुणधर्म नाहीसा होतो. हा गुणधर्म प्रतिपिंडांचा (बाह्य पदार्थांना प्रतिकार करण्यासाठी तयार होणाऱ्या प्रथिनांचा) नव्हता, कारण प्रतिपिंडे रुग्ण बरा होताना वाढतात व पुढेही टिकतात. एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये हा पदार्थ प्रथिन असल्याचे दाखवले. इंटरल्यूकीन-६ या संदेशवाहक रेणूच्या प्रभावाने यकृत ते तयार करते. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे काही मिग्रॅ.च असते, तीव्र शोथात ते शेकडो पट वाढू शकते आणि उत्पादन थांबले की, सुमारे १९ तासांत निम्मे होते. या जलद चढउतारामुळे ते अवसादन वेगापेक्षा अधिक तत्पर निदर्शक ठरले.

या दोन कसोट्यांचा सर्वांत ठळक उपयोग शंख रोहिणीच्या शोथात, म्हणजे महाकोशिका रोहिणीशोथात झाला. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील बेयर्ड हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाची ऊतकपरीक्षेसह नोंद केल्यावर तो वेगळा रोग म्हणून मान्यता पावला. वृद्धापकाळात नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी आणि तासाला ५० मिमी. किंवा त्याहून अधिक अवसादन वेग ही जोडी वैद्यांच्या मनात इतकी पक्की बसली की, १९९० च्या अमेरिकन वर्गीकरण निकषांत त्या आकड्याचा समावेश करण्यात आला. या रोगात दृष्टी अकस्मात व कायमची जाऊ शकते. म्हणून दोन्ही आकडे वाढलेले दिसताच जीवोतक परीक्षेच्या (ऊतकाचा तुकडा काढून तपासण्याच्या) निर्णयाची वाट न पाहता कॉर्टिकोस्टेरॉइड औषध सुरू करण्याचा प्रघात पडला. त्यामुळे किती जणांचे डोळे वाचले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. मात्र रोग जीवोतक परीक्षेने सिद्ध झालेल्या काही थोड्या रुग्णांत अवसादन वेग प्राकृतिकच (सर्वसामान्यच) असतो, हेही कालांतराने ध्यानात आले.

ताकायासू रोगाच्या बाबतीत या कसोट्यांनी अधिकच निराशा केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील ६० रुग्णांचे जे निरीक्षण १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सक्रिय रोगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांतच अवसादन वेग वाढलेला होता, तर रोग शांत झाल्याचे समजल्या गेलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास रुग्णांत तो वाढलेलाच राहिला. त्याहून चिंताजनक बाब अशी की, शांत समजल्या गेलेल्या काही रुग्णांच्या रोहिण्यांचे तुकडे शस्त्रक्रियेच्या वेळी तपासले असता त्यांपैकी बऱ्याच तुकड्यांत शोथ चालूच होता. हा रोग जपान, भारत व आशियातील इतर देशांत विशेष आढळतो आणि मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो. भारतात तरुण वयातील उच्च रक्तदाबाच्या तपासणीत वृक्काकडे जाणारी रोहिणी याच रोगाने अरुंद झालेली अनेकदा आढळते. भारतीय वैद्यांनी या रोगाच्या सक्रियतेचे मापन करण्यासाठी स्वतंत्र गुणांकन पद्धती तयार केली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नाडी नव्याने लोपणे, वाहिनीवर ध्वनी ऐकू येणे, दोन हातांतील रक्तदाबांत फरक पडणे यांसारख्या प्रत्यक्ष चिन्हांना तीत प्राधान्य असून रक्तातील दोन आकड्यांना फक्त पुरवणीचे गुण आहेत. रक्ताच्या आकड्याला त्याच्या योग्यतेइतकेच स्थान देणारी ही मांडणी समंजस म्हटली पाहिजे.

न्यूट्रोफिलविरोधी प्रतिपिंडे : वरील दोन्ही कसोट्या शरीरात कोठेतरी आग आहे एवढेच सांगतात, आग कशाची व कोठे, हे सांगत नाहीत. रोगाशी थेट नाते असलेले निदर्शक ज्या रोगामुळे सापडले, तो पूर्वी वेगेनर कणार्बुदता या नावाने ओळखला जाई. नाक, फुप्फुसे व वृक्के यांतील लहान वाहिन्यांचा शोथ व कणार्बुदे (कोशिकांच्या विशिष्ट रचनेच्या गाठी) ही त्याची लक्षणे होत. हाइन्झ क्लिंगर यांनी १९३१ मध्ये आणि फ्रीड्रिख वेगेनर यांनी १९३६ व १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. वेगेनर हे नाझी पक्षाचे सदस्य होते व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जर्मनव्याप्त पोलंडमधील वूज शहरात काम केले. ही माहिती २००६ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाल्यावर २०११ मध्ये संबंधित आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनांनी हे नाव सोडून 'बहुवाहिनीशोथयुक्त कणार्बुदता' या अर्थाचे नवे नाव स्वीकारले.

उपचारांशिवाय हा रोग अत्यंत घातक असे. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार रुग्ण सरासरी ५ महिने जगत. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील अँथनी फौची व शेल्डन वुल्फ यांनी सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरील औषध कॉर्टिकोस्टेरॉइडाबरोबर देऊन हे चित्र पालटले. १९८३ मध्ये त्यांनी ८५ रुग्णांपैकी ९३ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे शमल्याचे नमूद केले. परंतु १९९२ मध्ये याच संस्थांतून १५८ रुग्णांचा जो दीर्घकालीन वृत्तांत आला, त्यात या यशाची किंमत दिसली : शमन झालेल्यांपैकी निम्म्यांत रोग उलटला होता, गंभीर जंतुसंसर्ग वारंवार झाले होते आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या ३३ पट होते. औषध चालू ठेवावे तर विषबाधा आणि थांबवावे तर रोगाचे पुनरागमन, अशा कोंडीत सापडलेल्या वैद्यांना पुनरागमनाची आगाऊ सूचना देणाऱ्या कसोटीची निकड भासू लागली होती, याचे कारण येथे आहे.

तशी कसोटी अनपेक्षित दिशेने आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डी. जे. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृक्कातील केशिकागुच्छांचा तीव्र शोथ असलेल्या ८ रुग्णांच्या रक्तरसात न्यूट्रोफिल श्वेत कोशिकांच्या कोशिकाद्रव्याशी बद्ध होणारी प्रतिपिंडे आढळल्याची नोंद केली. डासांमार्फत पसरणाऱ्या रॉस रिव्हर विषाणूशी या आजाराचा संबंध असावा असा त्यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. परंतु निरीक्षण टिकले. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच आणखी ४ रुग्णांचे वर्णन आले. १९८५ मध्ये नेदर्लंड्‌स व डेन्मार्क येथील वैद्यांनी, फोक्को व्हान डर वाउडे यांच्या प्रमुखत्वाखाली, *लॅन्सेट* या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या प्रतिपिंडांचे वेगेनर रोगाशी असलेले नाते प्रस्थापित झाले. सक्रिय रोगाच्या २७ रक्तरस नमुन्यांपैकी २५ नमुन्यांत ही प्रतिपिंडे होती. रोग शांत असतानाच्या ३२ नमुन्यांपैकी केवळ ४ नमुन्यांत ती होती. निबंधाच्या शीर्षकातच दोन दावे होते : ही कसोटी निदानाचे साधन आहे आणि रोगाच्या सक्रियतेचे निदर्शकही आहे. पहिला दावा काळाच्या कसोटीस उतरला. दुसऱ्यावरील वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'ॲन्का' म्हणून ओळखली जाणारी ही प्रतिपिंडे पाहण्याची मूळ पद्धत अप्रत्यक्ष अनुस्फुरणाची आहे. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिल कोशिका काचपट्टीवर अल्कोहॉलाने स्थिर करून त्यांवर रुग्णाचा रक्तरस घालतात. नंतर अनुस्फुरक रंजकद्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड वापरून सूक्ष्मदर्शकाखाली चकाकी पाहतात. वेगेनर रोगात चकाकी सर्व कोशिकाद्रव्यात कणाकणाने पसरलेली दिसे. १९८८ मध्ये अमेरिकेतील चॅपल हिल येथील रॉनल्ड फाल्क व चार्ल्स जेनेट यांनी दुसरा प्रकार दाखवला. त्यात चकाकी केंद्रकाभोवती दिसते आणि प्रतिपिंडांचे लक्ष्य मायलोपेरॉक्सिडेज हे एंझाइम असते. गमतीची गोष्ट अशी की, केंद्रकाभोवतीची ही चकाकी काचपट्टीवरील प्रक्रियेचे अपत्य आहे : जिवंत कोशिकेत हे एंझाइम कोशिकाद्रव्यातील कणांतच असते, अल्कोहॉलाने कण फुटल्यावर धन विद्युत् भारित एंझाइम ऋण भारित केंद्रकाकडे सरकते. कृत्रिम दोषातून निघालेली ही खूण पुढे अनेक वर्षे जगभर निदानाला उपयोगी पडली. पहिल्या प्रकारातील लक्ष्य प्रोटिनेज-३ हे एंझाइम असल्याचे १९८९ व १९९० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केले. त्यानंतर शुद्ध एंझाइमे वापरून प्रतिपिंडांचे प्रमाण आकड्यांत मोजणाऱ्या पद्धती आल्या व २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार प्राथमिक तपासणीसाठीही त्यांनाच पसंती देण्यात आली.

या शोधामुळे रोगांची वर्गवारीही बदलली. चॅपल हिल येथे १९९४ मध्ये ठरलेल्या व २०१२ मध्ये सुधारलेल्या नामावलीत लहान वाहिन्यांच्या शोथांचा एक गट या प्रतिपिंडांवरून ओळखला जातो. जेकब चर्ग व लॉटे स्ट्राउस यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेला, दमा व इओसिनोफिल श्वेत कोशिकांची वाढ असलेला रोगही याच गटात मोडतो. मात्र त्यातील निम्म्याहून कमी रुग्णांतच ही प्रतिपिंडे आढळत असल्यामुळे तेथे इओसिनोफिल कोशिकांची साधी गणनाच अधिक कामाची ठरते.

आकड्यावरून उपचार : प्रतिपिंडांचे प्रमाण वाढताच, रुग्णाला कोणतीही तक्रार नसतानाही, उपचार सुरू केले तर रोगाचे पुनरागमन टळेल काय, हा प्रश्न प्रथम नेदर्लंड्‌समधील ग्रोनिंगन येथे विचारला गेला. यान व्विलेम कोहेन तेर्व्हार्ट व सहकारी यांनी ५८ रुग्णांचे २ वर्षे निरीक्षण केले. २० रुग्णांत प्रतिपिंडे वाढली. त्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ९ जणांना तत्काळ सायक्लोफॉस्फामाइड व प्रेडनिसोलोन दिले; उरलेल्या ११ जणांना लक्षणे दिसेपर्यंत काही दिले नाही. पहिल्या गटात कोणाचाही रोग उलटला नाही, दुसऱ्यात ९ जणांचा उलटला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. परंतु निष्कर्षाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा होता : ११ पैकी दोघांचा रोग उलटला नव्हता. त्यांना उपचार दिले असते, तर घातक औषध निष्कारण दिले गेले असते.

हे 'निष्कारण' प्रमाण किती, यावर पुढील दोन दशके मतभेद झाले. अमेरिकेतील १९९३ च्या एका अभ्यासात प्रतिपिंडांच्या वाढीनंतर रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशच भरले. २००० मध्ये ग्रोनिंगनच्याच १०० रुग्णांच्या अभ्यासात ३७ जणांचा रोग उलटला व त्यांपैकी ३४ जणांत त्याआधी प्रतिपिंडे वाढली होती, हा निकाल पुन्हा आशादायक होता. मात्र प्रोटिनेज-३ विरोधी प्रतिपिंडे वाढलेल्यांपैकी रोग उलटलेल्यांचे प्रमाण ७१ टक्के होते, म्हणजे दहापैकी जवळजवळ तिघांत धोक्याची सूचना खोटी होती. २००७ मध्ये अमेरिकेतील १५६ रुग्णांच्या अभ्यासात रोगाच्या सक्रियतेतील चढउतारांपैकी १० टक्क्यांहून कमी भागाचाच उलगडा प्रतिपिंडांच्या प्रमाणावरून होऊ शकला. या परस्परविरोधामागे मापनाच्या पद्धती, नमुने घेण्यातील अंतर व रुग्णांची निवड यांतील फरक आहेत. वृक्क ग्रासलेल्या रुग्णांत प्रतिपिंडांची वाढ अधिक अर्थपूर्ण असते व केवळ नाक-कानांपुरत्या रोगात ती तितकी विश्वसनीय नसते, असे २०१५ मध्ये दिसून आले. केवळ आकड्यावरून उपचार बदलू नयेत, मात्र आकडा वाढलेल्या रुग्णाला अधिक वारंवार तपासावे, ही भूमिका या सर्वांतून रूढ झाली. ती सावध असली, तरी उपलब्ध पुराव्याशी प्रामाणिक आहे.

प्रतिपिंडे रोगाची केवळ साक्षीदार आहेत की कर्ती, हाही प्रश्न याच काळात पुढे आला. २००२ मध्ये चॅपल हिल येथील संशोधकांनी उंदरांत तयार केलेली मायलोपेरॉक्सिडेजविरोधी प्रतिपिंडे इतर उंदरांना टोचली असता त्यांना मानवी रोगासारखाच वृक्कशोथ झाला. २००४ मध्ये आईच्या शरीरातून अपरेमार्फत (वारेमार्फत) अशी प्रतिपिंडे मिळालेल्या एका नवजात अर्भकाला फुप्फुस व वृक्क यांचा विकार झाल्याचे प्रसिद्ध झाले. मग कर्ता रक्तात असूनही काही रुग्ण वर्षानुवर्षे निरोगी का राहतात? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याचे अंशतः उत्तर दिले. प्रतिपिंडे एंझाइमाच्या वेगवेगळ्या भागांना बद्ध होतात. काही भागांविरुद्धची प्रतिपिंडे निरोगी माणसांतही असतात, तर काहींविरुद्धची केवळ सक्रिय रोगातच आढळतात. शिवाय ज्यांच्या रक्तात नेहमीच्या परीक्षेने प्रतिपिंडे सापडत नव्हती, अशा काही रुग्णांत सेरुलोप्लाझ्मीन या प्रथिनाच्या तुकड्याने ती झाकलेली होती. नेहमीची परीक्षा या सर्वांची सरसकट बेरीज करते. त्यामुळे तिच्या आकड्याचा व रोगाचा मेळ अनेकदा बसत नाही यात नवल नाही.

निदानातही या कसोटीचा उपयोग तारतम्याने करावा लागतो. थायरॉइड ग्रंथीच्या विकारावरील प्रोपिलथायोयुरॅसिल, रक्तदाबावरील हायड्रॅलझीन आणि लेव्हामिसॉलची भेसळ असलेले कोकेन यांमुळे ही प्रतिपिंडे निर्माण होतात. हृदयाच्या अंतःस्तराच्या जंतुसंसर्गात तसेच क्षयरोगातही ती आढळतात. भारतीय वैद्यांच्या दृष्टीने शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. ज्वर, रक्तमिश्रित कफ व क्ष-किरण चित्रात फुप्फुसातील पोकळी ही दोन्ही रोगांत दिसू शकतात. पहिला रोग प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांनी बरा होतो, तर क्षयरोग त्याच औषधांनी भडकतो. येथे थुंकीची तपासणी व जीवोतक परीक्षा यांना पर्याय नाही.

नवीन औषधे व निदर्शकांची स्थिती : रिटुक्सिमॅब हे बी-लसीका कोशिका नष्ट करणारे औषध सायक्लोफॉस्फामाइडइतकेच परिणामकारक असल्याचे २०१० मध्ये सिद्ध झाल्यावर मूळ प्रश्न सौम्य स्वरूपात परत आला. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये १६२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाला हे औषध ठरलेल्या वेळापत्रकाने, तर दुसऱ्याला प्रतिपिंडे किंवा बी-लसीका कोशिका पुन्हा दिसू लागल्या तरच दिले. पहिल्या गटात ८ व दुसऱ्यात १४ जणांचा रोग उलटला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. दुसऱ्या गटाला मात्र एकूण ३८१ ऐवजी २४८ वेळाच औषध द्यावे लागले. महागड्या औषधाच्या ज्या मात्रा वाचल्या त्यांचे मोल रुग्णाच्या कुटुंबाला कळते. तथापि ८ व १४ यांतील अंतर अगदीच नगण्य आहे असेही म्हणवत नाही.

नव्या औषधांमुळे जुनी निदर्शके कशी मुकी होतात याचे बोलके उदाहरण टॉसिलिझुमॅब हे होय. महाकोशिका रोहिणीशोथात हे औषध गुणकारी असल्याचे २५१ रुग्णांच्या चाचणीवरून २०१७ मध्ये दिसून आले. ते इंटरल्यूकीन-६ चा ग्राहक अडवते आणि याच रेणूच्या आज्ञेवरून यकृत सी-प्रतिक्रियाशील प्रथिन व फायब्रिनोजेन तयार करीत असल्यामुळे रोहिणीत शोथ धुमसत असला, तरी दोन्ही आकडे प्राकृतिकच दिसतात. जंतुसंसर्गही अशा रुग्णांत आकड्यांवरून ओळखू येत नाही. परिणामी श्राव्यातीत ध्वनी, चुंबकीय अनुस्पंदन व किरणोत्सर्गी शर्करेच्या साह्याने घेतलेली चित्रे यांकडे आणि रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याकडे वैद्यांना पुन्हा वळावे लागले आहे.

या उणिवांमुळे नव्या पदार्थांचा शोध चालू आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८६ रुग्णांच्या रक्तरसातील २८ प्रथिने एकाच वेळी मोजली असता ऊतकांची मोडतोड व दुरुस्ती यांच्याशी निगडित असलेली दोन आणि बी-लसीका कोशिकांना आकर्षित करणारे एक, अशी तीन प्रथिने सक्रिय व शांत रोगातील भेद इतरांपेक्षा बरा दाखवताना आढळली. न्यूट्रोफिल कोशिकांतून झिरपणारे कॅल्प्रोटेक्टीनही अभ्यासले जात आहे. वृक्काच्या बाबतीत मात्र रक्तापेक्षा मूत्र अधिक स्पष्ट बोलते असे दिसते : शोथग्रस्त केशिकागुच्छात जमणाऱ्या भक्षिकोशिकांच्या पृष्ठावरून सुटणारे सीडी-१६३ हे प्रथिन वृक्कशोथ सक्रिय असताना मूत्रात उतरते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याच्या मापनाच्या पद्धती हळूहळू प्रयोगशाळांबाहेर येत आहेत. तोपर्यंत मूत्राचा ताजा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील तांबड्या कोशिकांचे साचे शोधणे हीच सर्वांत जुनी व स्वस्त परीक्षा होय. यंत्रांवर भिस्त ठेवणाऱ्या अनेक ठिकाणी ती आता क्वचितच केली जाते.